काटकसर कोणाच्या कपातून?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंचं सहा पानी पत्र आलं आहे. नाव-गाव आणि ओळख पटेल असं सगळं वगळून त्याचा गोषवारा देते.

ताईंचं वय 41. कुटुंब ख्रिस्ती, घरात पाच माणसं: त्या, मिस्टर, 77 वर्षांच्या सासूबाई, बारावीतली मुलगी आणि आठवीतला मुलगा. साडेचार एकर कोरडवाहू वावर, त्यात कापूस आणि तुरीच्या ओळी. मिस्टर जोडीला मोटार वायंडिंग करतात, ताई ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करून देतात. वर्षभरापासून त्यांनी घरखर्च आवळायला घेतला आहे. दूध एक लिटरचं अर्धा लिटर केलं, दर रविवारचं चिकन महिन्यातून एकदावर आणलं, पेपर बंद केला. पंखे-दिवे बंद करण्यावरून मुलांच्या मागे रोजचा लकडा. तरी महिनाअखेर हात रिकामाच. किराणा दुकानात 14,000 रुपये उधारी आहे. बँकेचं जुनं पीककर्ज थकलेलं, म्हणून जूनमध्ये बी-खतासाठी गावातल्याच एकाकडून शेकडा तीनने 40,000 उचलले. ते कापूस-तूर विकून जानेवारीअखेर फेडायचे आहेत.

खरी टोचणी पुढे आहे. मिस्टर दर महिन्याला चर्चच्या दानाच्या पाकिटात 500 रुपये ठेवायला देतात. गेले चार महिने ताईंनी त्यात 200च ठेवले, 300 किराण्यात घातले, आणि घरात कोणालाच सांगितलं नाही. सासूबाई म्हणतात, पै-पै मोजत बसणं म्हणजे प्रभूवर भरवसा नसणं. मुलगी "कंजूष आई" म्हणते. नाताळ दोन महिन्यांवर आला आहे. ताई विचारतात: "हिशेब ठेवणं म्हणजे विश्वास कमी असणं का? पाकिटातले पैसे काढले ही चोरी झाली का? आणि आता आणखी कुठे कात्री लावू?"

ताई, सलाम.

तुमचे तिन्ही प्रश्न वाचले, पण मी अडकले ते तिसऱ्या पानावरच्या एका ओळीशी. दुधाचा हिशेब मांडता मांडता तुम्ही लिहून गेलात, "मी कोराच चहा घेते, आता सवय झाली. अंडी आणली तर मुलांना आणि सासूबाईंना होतात." आणि लगेच पुढे किराण्याच्या यादीकडे वळलात. सहा पानांत एवढंच एक वाक्य तुमच्याबद्दल आहे.

माझे वडील अमरावती जिल्ह्यातल्या एका मिशन शाळेत मास्तर होते. घरात आम्ही सात जण. आई सगळ्यांच्या मागून जेवायची. वरणाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी घालायची, कडेला लागलेलं वरण हातानं खळबळून सुटं करायची आणि ते भाकरीवर ओतून घ्यायची. आम्हाला वाटायचं, तिला तसंच आवडतं. एका उन्हाळ्यात पाण्याची घागर उतरवताना ती अंगणातच कोसळली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहा. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. कपाटातल्या डब्यात तिनं दोन वर्षांत जे साठवलं होतं, ते त्या एका आठवड्यात गेलं. शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "डब्यातले घेतले काय?" तो आवाज मला आजही ऐकू येतो, म्हणून तुमच्या तीन प्रश्नांच्या आधी मी हा चौथा घेतला.

बाईचं हिमोग्लोबिन 12च्या वर हवं. 2019 ते 21 दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्त कमी असलेल्या निघाल्या. तुम्ही त्यात आहात असं मी म्हणत नाही. पण याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तपासून घ्या. तपासणीला पैसे पडत नाहीत, आणि कमी निघालं तर लोहाच्या गोळ्याही तिथेच मिळतात. जेवणाला लागून चहा घेऊ नका, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर, हरभऱ्याच्या उसळीवर लिंबू पिळा. आणि दूध पुन्हा पाऊण लिटर करा. त्यातला एक वाटा तुमचा असेल, आणि तो सगळ्यांच्या देखत घ्यायचा.

सासूबाईंच्या बोलण्याबद्दल. त्या ज्या काळातून आल्या, त्या काळात घरात मोजण्याजोगं फार नसायचं, आणि भरवशावरच दिवस निघायचे. त्यांचा विश्वास खरा आहे, त्याला धक्का न लावता बोला. पण पाच भाकरी आणि दोन मासळ्यांची गोष्ट त्यांना तुमच्याहून जास्त पाठ असेल. त्या माळावर हजारो लोक जेवल्यावर येशूनं शिष्यांना सांगितलं, उरलेले तुकडे गोळा करा, काही वाया जाऊ देऊ नका. आणि बारा टोपल्या भरल्या. बारा हा आकडा आपल्यापर्यंत आला, म्हणजे त्या दिवशी कोणीतरी टोपल्या मोजल्या. ज्याच्या हातून भाकरी पुरली, त्याच्याच शब्दावरून तुकडे वेचले गेले. मग तुमची वही अविश्वासाची कशी होईल?

त्याच गोष्टीतलं दुसरं एक मला तुमच्यासाठी जास्त मोलाचं वाटतं. तुकडे कधी गोळा झाले? सगळे पोटभर जेवल्यावर. कोणाला मागे ठेवून, कोणाची भाकर काढून त्या टोपल्या भरल्या नव्हत्या. ज्याच्या शिदोरीतून ते सगळं आलं, तो पोरगाही त्या पंगतीत असणारच. काटकसर आपल्याकडे नेमकी उलट्या क्रमानं सुरू होते. आधी बाईच्या कपातलं दूध जातं, मग बाकीच्या खर्चाचा विचार.

आता तुमचाच हिशेब तुम्हाला वाचून दाखवते. रोजचं अर्धा लिटर दूध कमी केलं. 60 रुपये लिटर धरलं तर दिवसाचे 30, महिन्याचे 900, वर्षाचे 10,800. आता जूनचे ते 40,000 घ्या. शेकडा तीन म्हणजे महिन्याला 1,200 रुपये व्याज. जून ते जानेवारी आठ महिने, म्हणजे 9,600. तुमच्या घरानं वर्षभर पोटाला चिमटा काढून जे दूध वाचवलं, ते जवळजवळ सगळं व्याजात ओतलं जातं आहे. बोलायला शेकडा तीन हा आकडा लहान वाटतो, पण वर्षाला तो 36 टक्के होतो.

म्हणून "आणखी कुठे कात्री लावू" या तुमच्या प्रश्नाशी मी सहमत नाही. स्वयंपाकघरातून जेवढं निघायचं तेवढं तुम्ही काढलं. भोक दुसरीकडे आहे, आणि ते बुजवायला मिस्टरांना सोबत घ्यावं लागेल. दोघांनी मिळून बँकेत जा आणि जुन्या खात्यावर आज नेमकं किती देणं आहे ते लेखी घ्या. तुमचं खातं कुठल्या कर्जमाफीत बसतं का, तेही तिथेच विचारा. 2017 आणि 2019 च्या माफीत अनेकांचं निघालं, काहींचं कागदावाचून राहिलं. बसत असेल तर कागद पुरे करा. बसत नसेल तर तडजोडीनं किंवा हप्ते पाडून ते खातं सरळ करून मागा, आणि कापसाच्या पहिल्या पैशातून गावातलं व्याजी कर्ज आधी उतरवा. बँकेचं पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून तीन लाखांपर्यंत व्याज पडत नाही. शून्य आणि छत्तीस, एवढा हा फरक आहे. बँक लगेच उभी करत नसेल तर महिला बचत गटाचं कर्ज पाहा. तिथे व्याज बरंच कमी असतं, आणि गटाच्या स्वतःच्या बचतीतून उचललं तर ते व्याज तुमच्या गटातच राहतं.

किराण्याची उधारी हे दुसरं भोक. दुकानदार व्याज लावत नाही हे खरं. पण उधारीच्या गिऱ्हाइकाला भाव विचारायला तोंड राहत नाही, जे दिलं ते घ्यावं लागतं. त्याच्याशी एकदा मोकळं बोला. जुने 14,000 वेगळ्या पानावर मांडा, कापूस विकेपर्यंत महिन्याला हजार-हजार द्या, आणि आजपासून नवा माल रोखीनं घ्या. थोडा घ्या, पण रोखीनं. लाडकी बहीणचे दीड हजार तुम्हाला मिळत असतील तर सध्या ते इकडेच वळवा. उधारी फिटली की त्यातले 500 पोस्टात आवर्ती ठेवीत, तुमच्या नावानं. ते खातं महिना 100 रुपयांपासूनही उघडता येतं.

घरातल्या लहान बदलांकडे येते, कारण तुमच्यासारखंच विचारणारी पत्रं मला बरीच येतात.

तूर तुम्ही सगळीच्या सगळी विकता आणि महिन्याला चार किलो डाळ दुकानातून आणता, असं पत्रावरून दिसतं. वावरात तूर उभी असताना डाळ उधारीवर आणायची, हे विदर्भातल्या कितीतरी कास्तकारांच्या घरी चालतं. या वेळी एक चुंगडी, म्हणजे एक पोतं, घरी ठेवून पाहा. 100 किलो तुरीची साधारण 70 ते 75 किलो डाळ निघते. तुम्हाला वर्षाला लागते 50 किलोच्या आत-बाहेर, म्हणजे 70 किलो तूर पुरे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली मिनी डाळ मिल आता बऱ्याच भागात कोणा ना कोणा गटाकडे असते, तिथे भरडून मिळेल. पैशात किती वाचेल? तूर 70 रुपये किलो आणि डाळ 120 धरली, भरडाई वजा केली, तर वर्षाला सात-आठशे. फार नाही, हे मी आधीच सांगते. पण किराण्याच्या चिठ्ठीतली एक जड ओळ बारा महिने नाहीशी होते, भाव चढला तरी तुमच्या वरणाला त्याची झळ लागत नाही, आणि भरडताना निघणारी चुनी, म्हणजे टरफल-चुरा, बकरीला होते. डाळ कडक उन्हात वाळवून, एरंडेलाचा हात लावून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा. हे काम सासूबाईंना विचारून करा. जात्यावर तूर भरडण्याआधी तेल-पाण्याचा हात किती लावायचा, हे त्यांच्या पिढीला ठाऊक असतं. ज्या हिशेबावर त्या आज रागावतात, त्यात त्यांना मानाची जागा मिळेल.

भिवापुरी मिरची आणि गहू यांचंही तसंच. तुरीचा पैसा हातात असतो तेव्हाच, मार्च-एप्रिलमध्ये, वर्षाचं भरून घ्या. कास्तकाराच्या घरात पैसा वर्षातून दोन-तीनदा येतो, आणि आपण हिशेब मात्र नोकरदारासारखा महिन्याचा मांडायला बसतो. महिनाअखेर हात रिकामा दिसतो त्याचं अर्धं कारण हे आहे. वहीत बारा महिने एका पानावर आडवे मांडा. जूनखाली बियाणं, खत, शाळा. नोव्हेंबरपासून कापूस. डिसेंबरखाली नाताळ. फेब्रुवारीखाली तूर. ते पान नुसतं भिंतीला लावलं तरी घरातलं बोलणं बदलतं.

तेल महिन्याला पाच लिटर जातं असं तुम्ही लिहिलं आहे. डॉक्टर माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरे म्हणतात, म्हणजे तुमच्या घराला अडीच. एकदम तेवढ्यावर येऊ नका. पहिल्या महिन्यात चार लिटर एका बरणीत काढा, आणि ती महिनाभर पुरवायची असं ठरवा. सासूबाईंच्या बीपीलाही ते बरं. तेल घेताना पिशवीवरचे ग्रॅम वाचा. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. 850 किंवा 800 ग्रॅमच्या पिशव्याही दिसायला तशाच असतात, आणि त्या स्वस्त वाटतात.

रविवारचं चिकन बंद झाल्याचं मुलाला फार लागलं आहे, असं दिसतं. उपासनेहून आल्यावर ताटात काहीतरी खास असणं ही आपल्या घरांची रीत आहे, ती मोडू नका. एका रविवारी अंड्यांचा रस्सा करा, एका रविवारी पाटोडीचा रस्सा. बेसन, लसण, खोबरं आणि वरून भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर. पाच माणसांचं जेवण चिकनच्या निम्म्याहून कमी पैशात होतं, आणि रविवार रविवारसारखा वाटतो. अंडी पाचांच्या हिशेबानं आणायची, चारांच्या नाही.

पंख्यावरून मुलाशी रोज होणारं भांडण थांबवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. साधा पंखा 75 वॅटचा असतो. एक तास विसरून चालू राहिला तर महिन्याला सव्वादोन युनिट. तेवढ्यासाठी लेकराशी रोज तोंड वाजवू नये. वीज जाते ती मोठ्या वस्तूंत. पाणी तापवायचा रॉड 1,500 वॅटचा असतो, 40 मिनिटांत एक युनिट खातो. महिनाभर रोज लावला तर 30 युनिट. कापसाची वेचणी संपली की वावरात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, पडलेल्याच असतात. अंगणातल्या चुलीवर, धूर घरात येणार नाही असं पाहून, थंडीतलं पाणी तापवा. इस्त्री रोज एकेका कपड्याला न लावता आठवड्याचे गणवेश एकदम करा. जुनी पट्टीवाली ट्यूब असेल तर 20 वॅटची एलईडी लावा. उन्हाळ्यात कूलरच्या ताट्या वेळेवर बदला आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर तो दमटच हवा फिरवत राहतो. बिलावर 100 युनिटांच्या पुढे दर एकदम चढतो. घरातल्यांना तो आकडा दाखवा आणि "या महिन्यात शंभराच्या आत" हे मुलावरच सोपवा.

फोनचं एक लक्षात घ्या. 28 दिवसांचा पॅक म्हणजे वर्षात 12 नव्हे, 13 रिचार्ज. तुमच्याकडे चार फोन आहेत, म्हणजे 52. सासूबाईंना नेट लागत नाही. फक्त बोलण्याचे, डेटा नसलेले पॅक आता मिळतात, तो त्यांना टाका.

सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या तुम्ही तालुक्याच्या मेडिकलमधून आणता. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या मोफत मिळतात. डॉक्टरांना चिठ्ठी दाखवून तेच औषध आहे ना, हे विचारून घ्या. तिथे नसतील तर जनऔषधी केंद्रात विचारा, बरीच स्वस्त पडतील. गोळ्या मात्र एक दिवसही चुकवायच्या नाहीत, काटकसरीत हे आधी चुकतं. आणि मोटारसायकलवर तालुक्याला जाण्याआधी एसटी आठवा. 75 पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत आहे, बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट, आणि खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत कॉलेजचा पास मोफत. तुमच्या घरात या तिघीही आहेत.

तुमच्या पत्रात उल्लेख नाही, म्हणून तुमच्याबद्दल काही गृहीत धरत नाही. पण हे वाचणाऱ्या ज्या घरांत खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूची पुडी, आहे, त्यांनी एवढी बेरीज करावी. 20 रुपयांचा खर्रा दिवसाला दोनदा, महिन्याला 1,200. दूध बंद करण्याआधी हा आकडा वहीत यायला हवा.

नाताळाला दोन महिने आहेत, ही चांगली गोष्ट आहे. कापसाचे पैसे नेमके त्याच सुमारास येतात, म्हणून हात सुटतो. पाचही जणांना नवे कपडे, घराला रंग, पाच तऱ्हेचं फराळ, असं तुम्ही लिहिलं आहे. या वेळी कपडे मुलांनाच घ्या, आणि मुलीचा ड्रेस तुम्ही शिवा. ब्लाउज शिवणारीला नाताळाआधी हमखास काम येतं, त्या कामाचा एक भाग कपड्यांना राखा. भिंतींना चुना आणि थोडी नीळ पुरे. करंज्या आणि चिवडा एवढंच करा, पण चर्चच्या मंडळीतल्या तीन-चार घरांनी मिळून एका कढईवर करा. तेल वाचतं, हात लागतात, आणि त्या दुपारी जे गाणं-बोलणं होतं ते वेगळंच. रात्री कॅरलवाले येतील त्यांना मात्र चहा द्या. थंडीत वाजत-गाजत आलेल्या पोरांना रिकाम्या तोंडी परत पाठवलं तर तुम्हालाच चैन पडणार नाही. जानेवारीपासून एका डबीत आठवड्याला 50 टाका. पुढच्या नाताळाला 2,600 तयार असतील.

आता ते पाकीट. ताई, मी याला चोरी म्हणणार नाही. ते पैसे तुमच्या घराचे होते आणि घराच्याच पोटात गेले. पण तुम्हाला टोचतं आहे ते योग्यच टोचतं आहे, कारण तुम्ही ते लपवलं. कोरा चहाही तुम्ही असाच लपवला. दोन्ही ठिकाणी तुम्ही एकटीनं ठरवलं, एकटीनं सोसलं, आणि घराला वाटलं सगळं ठीक चाललं आहे. मिस्टर 500 देताना समजतात की घरात तेवढं आहे. त्यांना खरा आकडा कोणी दाखवलाच नाही.

देणं ज्याच्या-त्याच्या मनानं, कुरकुरीशिवाय आणि आनंदानं असावं, असं बायबलमधल्या पत्रात पौल करिंथकरांना लिहितो. शेकडा तीनच्या कर्जात असलेल्या घरानं दर महिन्याला ठरीव 500 दिलेच पाहिजेत, असं मला वाटत नाही. काहींना हे पटणार नाही, आणि मिस्टरही कदाचित त्यांच्यात असतील. माझं म्हणणं इतकंच की कास्तकारानं पिकाच्या वेळी द्यावं. आपल्या मंडळ्यांतून हंगामाच्या सणाला लोक धान्य, भोपळे, कोंबड्या घेऊन येतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. त्या रीतीत शहाणपण आहे, तिथे माणूस आलेल्यातून देतो. महिन्याला 200 उघडपणे ठरवा. तूर विकून, लागवडीचा खर्च आणि कर्ज वजा जाऊन जे उरेल, त्यातून दशांश, म्हणजे दहावा हिस्सा, काढा. पटत नसेल तर दोघं मिळून चर्चच्या पाळकसाहेबांकडे जा. गावाकडच्या पाळकाला कास्तकाराचा हंगाम समजावून सांगावा लागत नाही.

मिस्टरांना हे सांगाल कसं? मुलांसमोर नको, सासूबाईंसमोर नको. दोघंच असताना, वही उघडी ठेवून. "चार महिन्यांत मी पाकिटातले 1,200 किराण्यात घातले, तुम्हाला सांगितलं नाही, ते माझं चुकलं. पण हे बघा, का घातले." एवढंच बोला आणि व्याजाचं पान पुढे करा. ते चिडतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. 1,200 हाच आकडा महिन्याच्या व्याजाचाही आहे, हे त्यांच्या नजरेत आल्याशिवाय राहणार नाही. घाई करू नका.

ते झालं की एका रविवारी जेवणं आटोपल्यावर पाचही जण बसा. वही मुलीच्या हातात द्या. बारावीतली पोरगी आहे, बेरीज-वजाबाकी तुमच्या-माझ्याहून चांगली करेल. आकडे स्वतःच्या हातानं लिहिले की कंजूष हा शब्द तिच्या तोंडी राहणार नाही. आधी काय कमी करायचं हे तिथे ठरवू नका. आधी प्रत्येकाच्या पोटाला काय लागतं ते लिहा. तुमचं दूध, तुमचं अंडं त्या यादीत तिच्याच अक्षरात यायला हवं.

तूर अजून फुलावर असेल. चुंगडी किती किलोची ठेवायची, ते ठरवायला वेळ आहे. डाळ पाच माणसांची धरा.